अभ्रकाचे निदान, गंधकाचा रोग : डोनेगलच्या घरांचे प्रकरण

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल ही काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तिथल्या घराची तपासणी करायला आलेला अभियंता भिंतीत पोकळ ड्रिल घालून काँक्रीटचा गोल नमुना काढतो. काँक्रीट चांगले असेल तर तो नमुना बत्त्यासारखा अखंड बाहेर येतो. या प्रकरणातल्या घरांमध्ये मात्र अनेकदा ड्रिलच्या तोंडाशी ओलसर चुरा, खडीचे सुटे दाणे आणि बोटांनी चिमटला तर भुगा होणारे तुकडे एवढेच हाती लागले. घरमालकांना उपमा सुचली ती न्याहारीला दुधात बुडवून खायच्या वीटाबिक्सची. बाहेरून पाहावे तर भिंतीवरच्या गिलाव्याला नकाशातल्या नद्यांसारख्या भेगांचे जाळे पडलेले, कोपऱ्यांवर उभे रुंद तडे गेलेले आणि खिडकीच्या कडेला बोट जाईल एवढी फट. ही घरे जुनी नव्हती. बहुतेक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंतच्या तेजीच्या काळात बांधलेली होती आणि त्यांतल्या अनेकांवरचे कर्ज अजून फिटायचे होते.

नुकसानभरपाईचा रस्ता इतका वाकडा का झाला हे समजायचे असेल, तर घरे कशी बांधली गेली ते आधी पाहावे लागते. डोनेगलच्या ग्रामीण भागात वसाहतीतला तयार फ्लॅट घेण्याची पद्धत फारशी नाही. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा, ओळखीचा कंत्राटदार आणि सवडीने उभे राहिलेले स्वतंत्र घर, अशी तिथली रीत आहे. भिंत दुहेरी असते : बाहेरची एक, आतली एक आणि मधे हवेची पोकळी, दोन्ही काँक्रीटच्या ब्लॉकच्या. ब्लॉक वजनदार आणि स्वस्त असल्यामुळे तो लांबून आणणे परवडत नाही, म्हणून तो जवळच्या खाणीचाच घेतला जातो. परिणामी एका खाणीतला दगड खराब निघाला की घर एकटे खराब होत नाही. भावाचे, शेजाऱ्याचे आणि काउंटी परिषदेने गरजूंसाठी बांधलेलेही त्याच वेळी भेगाळू लागते. इनिशोवेन द्वीपकल्प, बंक्राना, लेटरकेनी या भागांत नेमके असेच झाले.

सरकारने २०१६ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१७ च्या जूनमध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. डोनेगलमधली ५,००० हून अधिक घरे, त्यांत सुमारे १,००० परिषदेच्या मालकीची, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो काउंटीतली साडेतीनशेच्या आसपास घरे बाधित असू शकतात, असा समितीचा अंदाज होता. कारणाबाबत तिचा निष्कर्ष असा होता की मेयोमध्ये मुख्य दोष पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा आहे, तर डोनेगलमध्ये मस्कोव्हाइटचा, म्हणजे पांढऱ्या अभ्रकाचा. अभ्रकाचे पापुद्रे आपल्याला परिचित आहेत. ते सपाट, गुळगुळीत असतात आणि थरांमध्ये पाणी धरून ठेवतात. खडीच्या चुरीत त्यांचे प्रमाण वाढले की काँक्रीटला पाणी जास्त लागते, सिमेंटची पकड ढिली पडते, आणि आत मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगले की ब्लॉक आतून सुटत जातो. अटलांटिकवरून सतत पाऊस झोडपणाऱ्या आणि थंडीत गोठणाऱ्या डोनेगलला हे स्पष्टीकरण चपखल बसले. वर्तमानपत्रांनी प्रकरणाचे नाव ‘मायका’ ठेवले, घरमालकांच्या संघटनेनेही ‘मायका ॲक्शन ग्रुप’ हे नाव घेतले. पुढे जे घडले त्यात या नावाचा वाटा मोठा आहे, म्हणून इथे त्यावर थोडे रेंगाळलो.

दाद कोणाकडे मागायची, हा पहिला प्रश्न होता. ज्यांनी घरे बांधली त्यांतले अनेक छोटे कंत्राटदार २००८ च्या मंदीत बंद पडले होते. जे उरले होते त्यांच्याविरुद्ध निकाल मिळवला तरी वसुली कशातून करणार? घराचा नेहमीचा विमा आग, वादळ, पूर यांसाठी असतो. सदोष साहित्यामुळे हळूहळू होणारी झीज त्यात येत नाही. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही, कारण बँकेने कर्ज माणसाला दिलेले असते, भिंतीला नव्हे. राहिला ब्लॉक बनवणारा. पण ब्लॉक बहुतेक वेळा घरमालकाने स्वतः घेतलेला नसून कंत्राटदाराने आणलेला होता, त्यामुळे खरेदी-विक्रीचा करार त्या दोघांमधला. घरमालक त्या कराराच्या बाहेर. कराराऐवजी निष्काळजीपणाचा दावा लावायचा म्हटले, तर सहा वर्षांच्या मुदतीचा प्रश्न येतो, आणि ती मुदत नुकसान उघड झाल्यापासून मोजली जाते. भिंतीवरची पहिली केसासारखी भेग हे ‘उघड झालेले नुकसान’ मानायचे की नाही, यावरच वर्षे निघून जाऊ शकतात.

करार हातात असला की चित्र किती बदलते, याचे उदाहरण आयर्लंडमध्येच आहे. डब्लिनच्या बॅलीमन भागात एका युवाकेंद्राच्या जमिनीखाली भरलेल्या खडीत पायराइट निघाले, ती फुगली आणि इमारतीला तडे गेले. दुरुस्तीचा खर्च सोसलेल्या बांधकाम कंपनीने खडीपुरवठादारावर दावा केला. ‘जेम्स इलियट कन्स्ट्रक्शन विरुद्ध आयरिश अस्फाल्ट’ या नावाने तो ओळखला जातो. उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि युरोपीय मानकांच्या कायदेशीर दर्जाबाबतचा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला. त्यावर ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्णय आला. थोडक्यात, खडी थेट विकत घेतलेल्या एका कंपनीलाही, वकील आणि तज्ज्ञ पदरी असताना, एवढा पल्ला गाठावा लागला. हप्ते भरता भरता भिंतीला टेकू देणाऱ्या कुटुंबाने हे कसे करावे? त्यामुळे डोनेगलचे लोक न्यायालयाकडे न जाता आधी सरकारकडे वळले. तो मला भित्रेपणा वाटत नाही, हिशेब वाटतो. न्यायालयाची वाट नंतर शेकडो घरमालकांनी धरलीच. उत्पादक, काउंटी परिषद आणि राष्ट्रीय मानक संस्था या तिघांविरुद्ध दावे दाखल झाले.

सरकारने जबाबदारी का घ्यावी, यावर घरमालकांचा युक्तिवाद सरळ होता. बांधकाम-साहित्याच्या बाजारावर देखरेख ठेवणे हे स्थानिक बांधकाम नियंत्रण अधिकाऱ्यांचे, म्हणजे परिषदेचेच काम होते. ब्लॉकवर अनुरूपतेची, म्हणजे माल मानकाप्रमाणे असल्याची, खूण होती, पण ती खूण खरी आहे का हे कोणी खाणीत जाऊन पाहिले नाही. गंमत अशी की, ज्या परिषदेकडे देखरेखीचे काम होते तिची स्वतःची घरेही त्याच ब्लॉकची निघाली, आणि पुढे अनुदानाचे अर्जही तिच्याकडेच करायचे होते.

पहिली अनुदान योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिचा तांत्रिक पाया म्हणजे नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आय. एस. ४६५’ हे मानक. घराची पाहणी कशी करायची, नमुने कसे काढायचे, प्रयोगशाळेत काय पाहायचे आणि निष्कर्षावरून पाचपैकी कोणता उपाय सुचवायचा, हे त्यात सांगितले आहे. पहिला उपाय पूर्ण घर पाडून नव्याने बांधण्याचा. पुढचे उपाय क्रमाने सौम्य होत जातात, आणि शेवटचा म्हणजे फक्त भेगाळलेल्या बाजूंची बाहेरची भिंत उतरवून पुन्हा चढवायची. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के होते. पूर्ण पाडकामासाठी मान्य खर्चाची कमाल मर्यादा २,७५,००० युरो, म्हणजे हाती येणारे जास्तीत जास्त २,४७,५०० युरो. शेवटच्या उपायासाठी हीच रक्कम ४९,५०० युरो.

कागदावर ९० टक्के उदार दिसतात. उरलेल्या १० टक्क्यांचा हिशेब मात्र घरात बसून करावा लागतो. कमाल मर्यादेतल्या घरमालकाला २७,५०० युरो स्वतःचे घालायचे. त्याआधी तपासणीसाठी सुमारे ५,००० युरो खिशातून द्यायचे, तेही घर योजनेत बसेल की नाही हे माहीत नसताना. बांधकाम चालू असताना भाड्याने राहायचे. जुन्या कर्जाचा हप्ता चालू ठेवायचा. आणि मर्यादेपेक्षा खर्च वाढला, जो महासाथीनंतर सर्वत्र वाढला, तर फरक सोसायचा. ज्याच्याकडे हे पैसे नव्हते त्याला योजना असून नसल्यासारखीच होती. मदत मिळण्यासाठी आधी ऐपत हवी, असा हा उलटा न्याय झाला.

त्यातच डब्लिनचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. राजधानीच्या आसपासच्या काउंट्यांमध्ये जमिनीखालच्या भरणीतल्या पायराइटने फरश्या उचलल्या आणि भिंती तडकवल्या, तेव्हा २०१२ च्या समिती-अहवालानंतर २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्या योजनेत पात्र घराचे काम सरकारी यंत्रणाच कंत्राटदार नेमून करून घेत होती आणि खर्च पूर्णपणे सरकारचा होता. घरमालकाला निविदा, देखरेख, देयके यांत पडावे लागले नाही. साहजिकच डोनेगलमध्ये प्रश्न विचारला गेला : राजधानीला शंभर टक्के आणि आम्हाला नव्वद, असे का? ‘शंभर टक्के भरपाई’ ही घोषणा या तुलनेतून आली. १५ जून २०२१ रोजी हजारो लोक बस करून डब्लिनला गेले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले. डोनेगलहून राजधानीला जायचे म्हणजे चार-एक तासांचा रस्ता.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी गृहनिर्माण मंत्री दाराह ओब्रायन यांनी सुधारित योजना जाहीर केली. अंदाजे खर्च २२० कोटी युरो, एका घरासाठी कमाल मर्यादा ४,२०,००० युरो आणि भरपाई ‘शंभर टक्के’. पण सोबत दराचा उतरता जिना आला : पहिल्या १,००० चौरस फुटांना प्रत्येकी १४५ युरो, पुढच्या १,००० ना ११० आणि त्यापुढे १००. २,००० चौरस फुटांच्या घराचे गणित केले तर २,५५,००० युरो होतात, म्हणजे सरासरी १२७ युरो ५० सेंट. घर जेवढे मोठे तेवढा प्रत्येक फुटाचा दर खाली. ग्रामीण डोनेगलमधली घरे शहरातल्यांपेक्षा ऐसपैस असल्यामुळे ही कात्री तिथेच सर्वांत जास्त लागली, आणि ‘शंभर टक्के’ या शब्दांचा अर्थ काय यावर नवे भांडण उभे राहिले. पुढे दर ठरवण्यासाठी सर्वेक्षकांच्या व्यावसायिक संस्थेच्या खर्च-अहवालाचा आधार घेतला गेला.

जुलै २०२२ मध्ये कायदा झाला आणि ३ जुलै २०२३ पासून नवी योजना प्रत्यक्षात आली. तिच्यात डोनेगल आणि मेयोबरोबर क्लेअर व लिमेरिक या काउंट्याही होत्या. मूळ खर्चाशिवाय काम चालू असताना भाड्यासाठी १५,००० युरोंपर्यंत आणि सामान ठेवण्यासाठी ५,००० युरोंपर्यंत पूरक अनुदान ठेवले गेले. नमुने काढण्याचा आणि प्रयोगशाळेचा भार घरमालकावरून सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे गेला. घरमालकाने सुरुवातीला फक्त स्थिती-अहवाल द्यायचा. पहिल्या योजनेपेक्षा ही सुधारणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, रकमेच्या वाढीपेक्षाही, कारण दोष सिद्ध करण्याचा खर्च पीडितानेच करायचा हा अन्याय त्यामुळे बराच कमी झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मर्यादा ४,६२,००० युरो झाली.

हा पैसा कुठून आणायचा, याचे सरकारी उत्तर मात्र वादाचे ठरले. १ सप्टेंबर २०२३ पासून काँक्रीटच्या ठराविक उत्पादनांवर ५ टक्के कर बसला. मूळ प्रस्ताव १० टक्क्यांचा होता, ओरड झाल्यावर तो निम्मा केला. खराब दगड विकणारा खाणवाला आणि चोख दगड विकणारा खाणवाला यांच्यावर हा कर सारखाच बसतो, आणि दोघेही तो आज घर बांधणाऱ्याच्या बिलात टाकतात.

इथपर्यंतची गोष्ट सरकार आणि नागरिक यांच्या नेहमीच्या रस्सीखेचीसारखी आहे. प्रकरणाला खरे वळण मिळाले ते प्रयोगशाळेत. स्वित्झर्लंडची एम्पा ही साहित्य-संशोधन संस्था आणि अल्स्टर विद्यापीठ यांतील संशोधकांनी डोनेगलच्या ब्लॉकचा बारकाईने अभ्यास केला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की ब्लॉक कुजण्याचे मुख्य कारण अभ्रक नसून पायरोटाइट आहे. हेही लोह आणि गंधकाचे खनिज, पण पायराइटपेक्षा फार लवकर गंजणारे. ओल आणि हवा मिळाली की त्यातला गंधक मोकळा होतो, सल्फेट बनतात, ते सिमेंटमधल्या घटकांशी संयोग पावून आधी एट्रिंजाइटचे सुईसारखे स्फटिक तयार करतात आणि काँक्रीट आतून ताणले जाते. पुढच्या टप्प्यात थॉमसाइट तयार होताना सिमेंटची बांधणारी शक्तीच संपते. भिंतीतून दांड्याऐवजी भुगा का येतो, याचे उत्तर इथे मिळते. कॅनडात क्यूबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर शहरात आणि अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात घरांचे पाये याच खनिजाने आधीच फोडले होते.

हा फरक केवळ खनिजशास्त्राचा नाही. काँक्रीटच्या खडीसाठी असलेल्या ‘ईएन १२६२०’ या युरोपीय मानकात एकूण गंधकाची मर्यादा सर्वसाधारणपणे वजनाच्या १ टक्का आहे, पण पायरोटाइट आहे असे माहीत असेल तर ती ०.१ टक्का, म्हणजे दहापट कडक. हा नियम नव्याने लिहावा लागला नव्हता, तो आधीपासून होता. पण ‘माहीत असेल तर’ या तीन शब्दांत पळवाट आहे : ज्याने शोधलेच नाही त्याला माहीत कसे होणार?

दुसरा परिणाम घरमालकाच्या जिव्हाळ्याचा. दोष अभ्रकाचा आणि हानी गोठण्या-वितळण्याची असेल, तर पाऊस आणि थंडी थेट लागते ती बाहेरची भिंत आधी जाणार, आतली बरीचशी टिकणार, आणि जमिनीखालचा पाया त्याहून सुरक्षित राहणार. पाचपैकी चार उपाय काही ना काही जुने बांधकाम ठेवतात ते याच भरवशावर. दोष पायरोटाइटचा असेल तर हा भरवसा डळमळतो, कारण त्याला बिघडायला थंडीची गरज नसते, ओल आणि प्राणवायू पुरतो, आणि आतल्या भिंतीतही तोच दगड आहे. कायद्यात यावर एक तोड ठेवली आहे : पूर्ण पाडकामाऐवजी कमी उपाय करून घेतलेल्या घराचे उरलेले ब्लॉक नंतर बिघडले, तर ४० वर्षांपर्यंत दुसऱ्या अनुदानाची पात्रता राहते. तरतूद चांगली आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की साठीतल्या माणसाने एकदा घर खाली करून, भाड्याने राहून, पुन्हा आत येऊन, परत पहिल्या भेगेची वाट पाहत राहायचे.

मराठी वाचकाच्या मनात इथे आपल्याकडचा विचार येणारच. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करायची असते. पण रेरा विकासकाला बांधतो. स्वतःच्या जागेवर गवंडी लावून घर बांधणाऱ्या कोकणातल्या किंवा खानदेशातल्या माणसापुढेही, डोनेगलवाल्याप्रमाणेच, विकासक नसतो. त्याच्या कामाचा आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा : सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला जबाबदार धरणारी तरतूद कलम ८४ मध्ये आहे, आणि तक्रारीची सर्वसाधारण मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तिथे पहिली गरज पडते ती ब्लॉक किंवा खडी कोणाकडून आली याच्या पावतीची, आणि ती बहुधा गवंड्याच्या खिशात राहून गेलेली असते.

राजकारणात या प्रकरणाने जागा केली ती अनपेक्षित रीतीने. ‘हंड्रेड पर्सेंट रिड्रेस’ याच नावाचा पक्ष निघाला. जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत डोनेगल काउंटी परिषदेत त्याचे चार सदस्य निवडून आले आणि नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत चार्ल्स वॉर्ड संसदेत गेले. ज्या परिषदेकडे घरमालक अर्ज घेऊन जात होते, तिच्याच सभागृहात आता त्यांचे लोक बसले.

पायाचा प्रश्न मात्र २०२३ च्या योजनेबाहेरच राहिला. ‘आय. एस. ४६५’ भिंतींपुरते लिहिलेले होते आणि अनुदान त्या मानकाला बांधलेले होते, त्यामुळे पूर्ण पाडकाम मंजूर झालेले घरही जमिनीपर्यंतच पाडायचे आणि नव्या ब्लॉकच्या नव्या भिंती जुन्या पायावर चढवायच्या, अशी स्थिती आली. मानकाचे पुनरावलोकन नंतर हाती घेतले गेले. दरम्यान ज्यांना ऐपत होती त्यांच्यातल्या काहींनी पदरचे पैसे घालून पायाही उकरून काढला. बाकीच्यांनी जुन्या पायावरच पहिला थर लावला.